अँप्लिफायरचा करंट अंगणात सापडला

"अरे, ह्या डब्ब्याला करंट उतरलाय बघ," आई म्हणाली. तिच्या हातात ओलं फडकं होतं. मे महिन्यातली दुपार, परभणीचं ऊन, कुलर सकाळपासून चालू. अँप्लिफायरवरची धूळ पुसायला तिनं हात लावला आणि बोटांना मुंग्या आल्या. मी जाऊन बोटाची मागची बाजू अलगद टेकवून पाहिली. पत्र्यावर बारीक थरथर जाणवली. टेस्टर लावला तर आतला दिवा मंद पेटला.

खरं सांगायचं तर त्या दिवशी माझं लक्ष मुंग्यांकडे नव्हतं, आवाजाकडे होतं. आठ दिवसांपासून स्पीकरमधून एकसारखं घूं येत होतं. अण्णांच्या रेकॉर्डी लावायच्या म्हणून मी हौसेनं हे सगळं जमवलं होतं. अण्णा कामानिमित्त हैदराबादला जायचे तेव्हा परत येताना एखादी तरी रेकॉर्ड बगलेत असायची. भीमसेनजींचे अभंग, बेगम अख्तरांच्या गझला, कव्वाल्यांचा एक वेगळा गठ्ठा. त्यांचा जुना रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करून घेतला, सेकंडहँड अँप्लिफायर घेतला, स्पीकर घेतले. हिवाळ्यात सगळं छान वाजत होतं. उन्हाळा लागला आणि घूं सुरू झालं. दोन रेकॉर्डींमधल्या शांत जागेत, ख्यालाच्या विलंबित लयीत, गाणारा श्वास घेतो त्या क्षणी ते घूं वर यायचं. ज्यानं ते एकदा ऐकलं त्याला नंतर दुसरं काही ऐकू येत नाही.

आधी मी वरवरचे उपाय केले. लाल-पांढऱ्या पिनांच्या वायरी बदलल्या. काही फरक नाही. मग लक्षात आलं की रेकॉर्ड प्लेअरच्या आर्मला हात लावला की आवाज थोडा कमी होतो. प्लेअरच्या मागून एक बारीक सुटी तार येते, टोकाला चिमटा असतो, ती अँप्लिफायरच्या मागच्या स्क्रूला लावायची असते. माझी तार स्क्रूच्या शेजारी नुसतीच लोंबत होती. ती कसली आणि निम्मं घूं गेलं.

ह्या तारेबद्दल थोडं सांगतो, कारण पुष्कळ जण तिला घराचं अर्थिंग, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणारी तार, समजतात. ती जीव वाचवायला नसते, आवाज वाचवायला असते. रेकॉर्ड प्लेअरच्या सुईतून निघणारा सिग्नल जेमतेम पाच मिलिव्होल्टचा. रेकॉर्ड कापताना खालचे सूर दाबून कापलेले असतात, म्हणून वाजवताना अँप्लिफायर ते पुन्हा उचलतो. आपली वीज ५० हर्ट्झची आणि त्या ठिकाणी ही उचल मधल्या सुरांपेक्षा सुमारे १७ डेसिबलनं जास्त असते. म्हणजे घरातल्या वायरिंगची जी गुणगुण आर्मच्या धातूत शिरते, तीच नेमकी सगळ्यात जास्त मोठी होऊन बाहेर पडते. त्या बारीक तारेनं आर्मचं धातू अँप्लिफायरच्या पत्र्याशी बांधलं की ती गुणगुण सुईच्या वाटेनं न जाता तारेनं निघून जाते.

उरलेलं निम्मं घूं मात्र हटेना. सेट टॉप बॉक्सचा आवाजही मी ह्याच अँप्लिफायरवर घेतला होता. तो बंद केला, तरी घूं तसंच. बॉक्स बंद आहे म्हणजे त्याचा संबंध संपला असं मी धरून चाललो. ती माझी चूक होती, पण ते पुढे कळलं.

मग मी आमच्या भागातल्या एका इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तरुण पोरगा, चटपटीत. त्यानं ऐकलं, थ्री पिन काढली आणि वरची जाड पिन स्क्रू ढिला करून सरळ काढून टाकली. "दादा, हिनंच आवाज करू लागलाय. ह्याला अर्थिंगची गरजच न्हाई." प्लग पुन्हा लावला आणि घूं गेलं. पूर्ण गेलं. आईनं हात लावून पाहिला, मुंग्याही गेल्या. दोन दिवस मी समाधानानं रेकॉर्डी ऐकल्या.

हे दोन दिवस मला अजून टोचतात. ती पिन इतर दोन पिनांपेक्षा जाड आणि लांब मुद्दाम केलेली असते. प्लग आत जाताना तिनं सगळ्यात आधी टेकावं आणि बाहेर येताना सगळ्यात शेवटी सुटावं, म्हणून. अँप्लिफायरच्या आतल्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं आणि फेज, म्हणजे करंट घेऊन येणारी तार, पत्र्याला चिकटला, तर त्याला जायला ती एकच वाट असते. ती वाट काढून टाकली की उरतो तो हात लावणारा माणूस. ज्या वस्तूंना मुळात दोनच पिना असतात त्यांच्या मागे चौकोनात चौकोन अशी खूण छापलेली असते. त्यांचं इन्सुलेशन दुहेरी असतं. माझ्या अँप्लिफायरवर ती खूण नव्हती.

तिसऱ्या दिवशी धुतलेले कपडे बाहेर काढून झाल्यावर आई सहज म्हणाली, "मशीनला अजून लागतंय रे."

"कोणत्या मशीनला?"

"कपड्याच्या. कधीचं लागतंय. ओल्या हातानं होत आसंल म्हणून मी काही बोलले न्हाई."

माझ्या पोटात गोळा आला. ओली फरशी, ओले पाय, ओले हात, आणि ती कधीची सहन करतेय. टेस्टर घेऊन घरभर फिरलो. वॉशिंग मशीनच्या मागच्या स्क्रूवर तो पेटला. फ्रिजच्या बिजागरीवर पेटला. कुलरच्या पत्र्यावर पेटला. म्हणजे करंट अँप्लिफायरमध्ये नव्हताच. तो अर्थिंगच्या वायरीतून घरातल्या प्रत्येक लोखंडी अंगावर पसरला होता आणि अँप्लिफायर त्यातला फक्त एक होता. पिन काढल्यावर अँप्लिफायर त्या वायरीपासून तुटला, म्हणून तिथल्या मुंग्या गेल्या. रोग होता तिथेच राहिला.

त्याच पोराला पुन्हा विचारलं तर त्यानं दुसरा उपाय सुचवला. बोर्डातच न्यूट्रलमधून, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेतून, अर्थच्या खोबणीला एक लूप मारून द्यायचा. "सगळीकडं आसंच करतेत." करतात हे खरं आहे, मी स्वतः पाहिलंय. पण आपल्याकडे जून लागायच्या आधी वळवाचं वादळ येतं, झाडाची फांदी तारेवर पडते आणि खांबावरचा न्यूट्रल तुटतो. तो तुटला की चालू असलेल्या बल्बमधून, पंख्यातून आलेला फेज त्याच न्यूट्रलवर चढून बसतो, आणि लूप मारलेला असेल तर तिथून थेट मशीनच्या, फ्रिजच्या, कुलरच्या पत्र्यावर. घरातले दिवे गेलेले असतात, माणसाला वाटतं लाईट गेली, आणि तो बिनधास्त हात लावतो. मी त्याला नको म्हणालो. ज्यांच्या घरात असा लूप असेल त्यांनी तो आजच काढून घ्यावा अशी माझी हात जोडून विनंती आहे.

मग मी चाचांकडे गेलो. चाचा म्हणजे आमच्या घराचं १९८८ सालचं वायरिंग करणारे वायरमन. आता वय झालंय, शिडीवर चढत नाहीत, पण नजर तीच. ते येताना कापडी पिशवीत मल्टिमीटर, होल्डरला जोडलेला १०० वॅटचा जुना काचेचा बल्ब आणि दोन वायरी घेऊन आले. हा बल्ब ते जिवापाड जपतात, कारण असले बल्ब आता सहज मिळत नाहीत.

त्यांनी आधी काही खोललं नाही. अँप्लिफायरच्या बोर्डावर मीटर लावून तीन आकडे मला लिहून घ्यायला सांगितले. फेज आणि न्यूट्रलमध्ये २१८ व्होल्ट. फेज आणि अर्थमध्ये १५४. न्यूट्रल आणि अर्थमध्ये ६४.

"हे शेवटचं बघ बेटा. हे दोन-तीन पाहिजे. चौसष्ट हाय. तुझी जमीन जमिनीवर न्हाई."

मग मीटर तसाच धरून ते मला एकेक प्लग काढायला लावत गेले. फ्रिज काढला, ६४. मशीन काढलं, ६४. टीव्ही, मिक्सर, इस्त्री, काही हालचाल नाही. कुलरचा प्लग काढला आणि आकडा धपकन २ वर आला.

कुलरच्या टाकीत बुडवलेला छोटा पंप. आमच्या बोअरचं पाणी क्षाराचं, पंपावर पांढरी खपली चढलेली, खालची वायर बेचक्यात चिरलेली. तिथून फेज पाण्यात आणि पाण्यातून टाकीच्या पत्र्यावर गळत होता. कुलरला थ्री पिन होती, म्हणून तो करंट अर्थच्या वायरीनं जमिनीकडे निघाला, पण जमीन त्याला आत घेईना. मग तो वायरीत तुंबला आणि त्या वायरीला टांगलेल्या प्रत्येक वस्तूवर चढला. हिवाळ्यात कुलर माळ्यावर, म्हणून हिवाळ्यात घूंही नाही आणि मुंग्याही नाहीत. दर उन्हाळ्यात आपण कुलरला चिकटून माणूस गेल्याच्या बातम्या वाचतो आणि पान उलटतो. ती बातमी आमच्या घरात सकाळपासून रात्रीपर्यंत चालू होती.

पंप बदलला असता तर त्या दिवशी सगळं थांबलं असतं. चाचा म्हणाले, पंप बदलायचाच, पण आजार पंपाचा नाही. त्यांनी सगळे प्लग काढायला लावले, आईला आणि मला चपला घालून खोलीच्या मधोमध उभं केलं आणि फेज व अर्थच्या मध्ये तो बल्ब जोडला. बल्ब पेटला, पण मरगळलेला, नारिंगी. त्याच्या दोन टोकांत १२८ व्होल्ट, आणि अर्थची वायर ९० व्होल्टवर चढलेली. बल्बमधून साधारण ०.३ अँपिअर जात होते. नव्वदला ०.३ नं भागलं की उत्तर येतं ३००. आमचं अर्थिंग ३०० ओहमचं होतं. ओहम म्हणजे करंटच्या वाटेतल्या अडथळ्याचं माप, तो जितका कमी तितकं अर्थिंग चांगलं.

ही परीक्षा कुणी घरी करू नये. ती चालू असताना घरातल्या अर्थच्या प्रत्येक टोकावर ते ९० व्होल्ट असतात. आणि नुसता बल्ब पेटला म्हणून अर्थिंग चांगलं असंही होत नाही. १०० वॅटचा बल्ब स्वतःच पाचशे ओहमच्या आसपास असतो, त्यामुळे अर्थिंग ४०-५० ओहमचं असलं तरी तो डोळ्यांना जवळपास पूर्ण पेटल्यासारखाच दिसतो. पुष्कळ घरांत "बल्ब लावून पाहिला, चांगलाय" एवढ्यावर काम भागवलेलं असतं.

तीनशे ओहमचा अर्थ मी त्या रात्री वहीवर मांडला. ६४ व्होल्टला ३०० नं भागलं तर कुलरमधून गळणारा करंट सुमारे ०.२१ अँपिअर. आमच्या एमसीबीवर १६ लिहिलेलं. सोळा अँपिअरचा पहारेकरी पाव अँपिअरसाठी कशाला उठेल? एमसीबी असतो वायर जळू नये म्हणून. माणूस मरू नये म्हणून असतो आरसीसीबी. जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या करंटमध्ये ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो पडतो, आणि आमची गळती त्याच्या सातपट होती. आमच्या मीटरच्या पेटीत आरसीसीबी नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही अंगणात अर्थिंगसाठी पुरलेला जुना पाइप उकरला. माझी पुतणी इथल्या कृषी विद्यापीठात मृदाशास्त्र शिकते, तीही उत्सुकतेनं आली. जे दिसलं ते मी विसरणार नाही. काळी जमीन मे महिन्यात भेगाळते हे इथल्या पोरालाही सांगावं लागत नाही, शेतात भेगेत हात कोपरापर्यंत जातो. पण तीच भेग आमच्या अर्थिंगच्या पाइपाभोवती गोल फिरली होती. माती आक्रसून मागे सरकलेली, पाइप विहिरीतल्या काठीसारखा मोकळा उभा. पाइपाला आणि जमिनीला एकमेकांचा स्पर्शच नव्हता. पट्टीचा बोल्ट गंजून फुगलेला, तार त्याच्याजवळ दोऱ्याएवढी उरलेली. आणि पाइप निघाला अवघा चार फुटी.

"काका, ही माती वाईट नाहीये," पुतणी म्हणाली. तिनं सांगितलं ते असं. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते. तिचे थर पाणी पिऊन फुगतात आणि वाळले की आक्रसतात. ओली असताना ही माती वीज फार छान वाहून नेते, मुरमापेक्षा आणि खालच्या काळ्या पाषाणापेक्षा कितीतरी चांगली. म्हणजे पावसाळ्यात आमचं अर्थिंग चांगलंच असणार, आणि उन्हाळ्यात जेव्हा कुलर चालतो नेमकं तेव्हाच ते सुटणार. हे गणित पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कोकणातल्या माणसाला कदाचित वेगळं पडेल. आमच्याकडे अर्थिंग मे महिन्यातच मोजावं. ऑगस्टमध्ये मोजलं तर ते पास होतं.

चाचांना मी विचारलं, चारच फूट का घातला होता? ते लगेच बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या वक्ताला पाइप तेवढाच दिला होता ठेकेदारानं. मी बोललो न्हाई. बोलायला पाहिजे होतं." मी त्यांच्यासाठी चहा मागवला. त्यावर आम्ही पुन्हा बोललो नाही.

नवं काम ठरवताना मी भारतीय मानक ब्युरोची आयएस ३०४३ ही अर्थिंगची संहिता धरून चाललो. तिच्याप्रमाणे पाइपाची लांबी किमान अडीच मीटर आणि इमारतीपासून अंतर किमान दीड मीटर. आम्ही ४० मिलिमीटरचे दोन जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी, पाइप घेतले, दोन्ही अडीच मीटरचे. दोन एवढ्यासाठी की आमच्याकडे खोल जाऊन फायदा नाही. खड्डा खणताना पहिले चार फूट काळी माती, मग पिवळट मुरूम, आणि साडेआठ फुटांवर पहार खणखणायला लागली. खाली कातळ. म्हणून खोलीऐवजी रुंदी. दोन खड्ड्यांत दहा फुटांचं अंतर ठेवलं. पाइपाच्या लांबीपेक्षा ते कमी ठेवलं तर दोन्ही पाइप एकाच मातीवर भार टाकतात आणि दुसऱ्याचा खर्च वाया जातो.

भरावावरून मात्र चाचांची आणि माझी ओढाताण झाली. त्यांची पद्धत जुनी, लोणारी कोळसा आणि खडे मीठ, थरावर थर. मिठानं आकडा पटकन खाली येतो यात शंका नाही. पण ते पावसाच्या पाण्याबरोबर झिरपून जातं आणि जाता जाता पाइपाचा जस्ताचा मुलामा खातं. आमच्या जुन्या पाइपाचा बोल्ट ज्या प्रकारे फुगला होता ते पाहून मला मीठ नकोच होतं. शेवटी कोळशाची भुकटी आणि बेंटोनाइट यांचं काल्याइतकं घट्ट मिश्रण पाइपाभोवती भरलं, बाहेर चाळलेली काळी माती, दर अर्ध्या फुटाला पाणी घालून कुटलेली. बेंटोनाइट म्हणजे तीच मॉन्टमोरिलोनाइटची माती, ओलावा धरून ठेवणारी. पुतणीनं बजावलं की हीसुद्धा पूर्ण वाळली तर भेगाळेल, तिला तहानलेली ठेवू नका. पाइपाच्या वर नरसाळं, त्यावर जाळी, भोवती विटांची चौकट आणि झाकण. चाचांनी जुन्या हिशेबानं मूठभर मीठ तरी घालतो म्हणून पाहिलं, मी हात धरला, ते हसले.

पाणी घालायचं म्हटल्यावर मला २०१६ चा उन्हाळा आठवला. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं ते वर्ष. आमच्याकडेही नळाला कितीतरी दिवसांनी पाणी. त्या वर्षी अर्थिंगच्या खड्ड्यात बादली ओत म्हणणाऱ्याला कुणी उभं केलं नसतं. म्हणून ह्या वेळी खड्डा मुद्दाम मोरीच्या मागे घेतला, भांडी विसळलेलं पाणी झाडांकडे जातं त्या पन्हाळीच्या बाजूला.

मोजायला एका ओळखीच्या माणसाकडून अर्थ टेस्टर आणला. हँडल फिरवायचा, जुन्या घडणीचा. त्याच्या दोन खुंट्या जमिनीत ठोकाव्या लागतात, एक लांब आणि एक तिच्या अंतराच्या सुमारे ६२ टक्क्यांवर. आमचं अंगण एवढं कुठलं! शेजारच्या मोकळ्या प्लॉटमधून वायर नेली, पंचवीस मीटरवर एक आणि साडेपंधरा मीटरवर दुसरी. गल्लीतली पोरं गोळा झाली. पहिला खड्डा एकटा ६.२ ओहम. दोन्ही जोडल्यावर ३.४. पाऊस अजून पडायचा होता.

हाच गळका पंप ३.४ ओहमच्या अर्थिंगवर चालला असता तर मशीनच्या पत्र्यावर जेमतेम एक व्होल्ट चढला असता. आईला कळलंही नसतं, आणि तेच तर हवं. पण फेज पूर्ण पत्र्याला चिकटला तर २३० ला ३.४ नं भागून येतात ६८ अँपिअर, आणि तेवढ्याला १६ चा एमसीबी त्याच क्षणी पडेल याची खात्री नाही. म्हणून आरसीसीबी बसवलाच. तो बसवल्या बसवल्या पडू लागला. दोन दिवस शोधल्यावर जिन्याच्या दिव्यानं दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल उसना घेतलेला सापडला. तो वेगळा केला आणि ते प्रकरण मिटलं.

आता अँप्लिफायरची काढलेली पिन परत बसवायची वेळ. मला भीती होती की पिन आली की घूं येणार. आलं, पण फार बारीक, कान स्पीकरला लावल्यावरच कळेल एवढं. ह्या खेपेला मी शांतपणे एकेक वायर उपटून पाहिली, आणि सेट टॉप बॉक्सच्या पिना मागून काढल्याबरोबर उरलंसुरलं घूं थांबलं. बॉक्स बंद होता तरी त्याच्या मागची केबलवाल्याची जाड वायर जोडलेलीच होती. त्या वायरीवरची धातूची जाळी गल्लीभर घराघरांतून आणि खांबांवरून फिरते, तिची जमीन वेगळी. माझ्या अँप्लिफायरची जमीन वेगळी. दोन जमिनींत थोडा जरी व्होल्टेजचा फरक असला की मधल्या ऑडिओच्या वायरीच्या कवचातून करंट वाहतो, आणि अँप्लिफायर त्याला गाणं समजून मोठं करतो. मे महिन्यात तो फरक ६४ व्होल्टचा होता. पिन काढल्यावर हाच रस्ता तुटला होता, म्हणून ते दोन दिवस एवढी शांतता होती.

पण रस्ता तोडायचा तर तो सिग्नलच्या वाटेवर तोडायचा, जीव वाचवणाऱ्या वाटेवर नाही. सेट टॉप बॉक्स आणि अँप्लिफायरच्या मध्ये छोटा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाकला, दोन्ही बाजूला सारखे वेढे असलेला. आवाज चुंबकातून पलीकडे जातो, तांब्याचा जोड राहत नाही. ज्यांच्या अँप्लिफायरला ऑप्टिकल इनपुट असेल त्यांना त्या प्रकाशाच्या वायरीनं हेच काम आणखी सोपं होतं. शिवाय प्लेअर, अँप्लिफायर आणि बॉक्स तिन्ही एकाच बोर्डावर आणले, म्हणजे आपसात तरी त्यांची जमीन एकच.

त्या संध्याकाळी लाईट न लावता अभंगांची रेकॉर्ड ठेवली. आवाज रोजच्यापेक्षा जास्त उघडला आणि सुई टेकायच्या आधी ऐकलं. काहीच नाही. मग सुई टेकल्याचा टक, खाचेतली बारीक सळसळ, तानपुरा. तानपुऱ्याच्या खर्जाची तार किती वेळ वाजत राहते हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं, तिचं शेपूट घूंमध्ये बुडून जात होतं. आई जपमाळ घेऊन दारात येऊन बसली.

पुढच्या मे महिन्यात चाचांना रिक्षानं आणलं आणि पुन्हा मोजलं. ४.१ ओहम. चाचांनी मीटरच्या पेटीच्या दाराला आतून पेन्सिलीनं आकडा आणि तारीख लिहिली, मागच्या ३.४ च्या खाली. कुलरच्या पंपाची वायर बोटांनी चाचपून पाहिली. मग हात धुऊन बसले आणि अण्णांच्या गठ्ठ्यातली एक कव्वाली लावायला सांगितली. पहिली बाजू पूर्ण ऐकली, डोळे मिटून. दुसऱ्या बाजूला सुई टेकली तसे त्यांनी डोळे उघडले.

"बेटा, इथं ओरखडा हाय. ऐकू येऊ लागलाय."